घरची स्पार्कलिंग : सेवालचा लॉट अखेर साक्यावरून काढला

मंडळी, घरी केलेल्या सेवाल ब्लांकच्या स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनच्या लॉटचं अपडेट. अर्ध्या बाटल्यांचा गाळ काढून, डोसाज (शेवटी घालायचा साखरेचा पाक) घालून, बूच आणि तार लावून झाली, उरलेल्या अर्ध्या मुद्दाम साक्यावरच (बाटलीत बसलेल्या यीस्टच्या गाळावर) आडव्या ठेवल्यात, का ते पुढे येईलच. नवीन लोकांसाठी थोडक्यात: इथे इंग्लंडच्या दक्षिणेला आमच्या अलॉटमेंटवर (भाड्याच्या बागेच्या तुकड्यावर) वेली आहेत, सेवाल ब्लांक ही द्राक्षाची हायब्रिड जात, भुरीला फारशी भीक घालत नाही आणि उन्हाळा कितीही पावसाळी गेला तरी ऑक्टोबरात काहीतरी हाती लागतंच. इथे घरच्यापुरती वाईन करायला परवाना किंवा टॅक्स लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे दारूबंदी कायदा आहे आणि बनवायला परवाना लागतो, तेव्हा आधी ते बघा, मग डेमीजॉन (वाईन आंबवायचा मोठा बुधला) विकत घ्या.

बेस वाईनबद्दल, म्हणजे जिची पुढे स्पार्कलिंग होते त्या साध्या वाईनबद्दल, माझं मत दिवसेंदिवस कडक होत चाललंय. बेस वाईन ग्लासात ओतून प्यायला छान लागत असेल तर तिची स्पार्कलिंग करूच नका, सरळ साधी वाईन म्हणून भरा आणि पिऊन टाका. स्पार्कलिंगला हवी ती पातळ, आंबटढाण, फारसा वास नसलेली, १० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलवाली वाईन, जी चाखून पाहुणे "हं, बरी आहे" म्हणतात आणि ग्लास हळूच टेबलावर ठेवतात. कारण बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना अल्कोहोल अजून सव्वा-दीड टक्का चढतं, साक्यावर राहून चवीला अंग येतं, शेवटी थोडी साखरही जाते, मग सुरुवातच भरदार वाईनने केली तर शेवट जड आणि कंटाळवाणा होतो. फ्रान्सच्या शॅम्पेन भागातले वाईनवाले द्राक्षं लवकर काढतात ते याचसाठी, आणि नाशकातही स्पार्कलिंगची चेनिन ब्लांक हंगामाच्या सुरुवातीलाच तोडतात, पुढे ऊन चढलं की ॲसिड उतरलंच म्हणून समजा.

माझे आकडे: रसाची घनता १.०६८ होती, साखर घालून १.०७५ ला आणली, पीएच ३.०५. पहिली आंबवणी पूर्ण कोरडी, म्हणजे साखर संपेपर्यंत. सल्फाइट (वाईन टिकवणारं रसायन) अगदी हात आखडून, कारण जास्त झालं तर दुसरी आंबवणी सुरूच होत नाही. मग जानेवारीत डेमीजॉन बाहेर शेडमध्ये गारठ्यात ठेवून टार्टरेटचे (द्राक्षातल्या आम्लाचे) खडे खाली पडू दिले. ही पायरी बरेच जण टाळतात, टाळू नका, तेच खडे बाटलीत तयार झाले तर उघडल्याक्षणी त्यांच्यावर गॅस सुटतो आणि अर्धी बाटली छताला.

आता मुख्य भानगड, तिराज. कोरड्या वाईनमध्ये मोजून साखर आणि जिवंत यीस्ट घालायचं आणि बाटली बंद करायची, म्हणजे होणारा गॅस आतच विरघळतो. हिशोब सोपा आहे, लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे १ बार दाब. शॅम्पेनमध्ये २४ ग्रॅमच्या आसपास धरतात म्हणजे ६ बार, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ तिप्पट. मी २० वर थांबलो, ५ बार मला पुरतात आणि रात्री झोपही लागते. हा हिशोब बसायच्या आधी शॅम्पेनच्या तळघरांत बाटल्या धडाधड फुटायच्या, कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे घालून फिरायचे. १८३० च्या दशकात शॅम्पेनमधल्या शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्याने वाईनमध्ये आधीच किती साखर उरलीये ते मोजून वरून किती घालायची याची रीत बसवून दिली, तिथून ही फुटाफूट कमी होत गेली. तात्पर्य, काटा चांगला घ्या, आणि "अंदाजे दोन चमचे" वाल्यांनी कृपया ताक घुसळावं, या छंदात पडू नये.

बाटली फक्त शॅम्पेनची किंवा कावाची (स्पेनची स्पार्कलिंग), आणि ओरखडा असलेली असेल तर तीही नको. हल्लीची स्टँडर्ड शॅम्पेन बाटली रिकामी ८३५ ग्रॅम भरते, साध्या वाईनच्या बाटलीशी तिची गाठच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये रिकाम्या बाटल्या दिसल्या की मी लाजबीज सोडून पिशवी काढतो, बायको तेवढ्यापुरती मला ओळखत नाही. टोपणाचं माप बघून घ्या, युरोपातल्या बाटल्यांना २९ मिमीचं क्राउन कॅप लागतं, बिअरवालं २६ मिमीचं त्यावर बसत नाही आणि कॅपरची (टोपण बसवायच्या यंत्राची) घंटीही २९ चीच घ्यावी लागते.

जाता जाता, ही जाड काच मुळात इंग्रजांची. १६१५ मध्ये राजाने काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायला बंदी केली (लाकूड जहाजांना हवं होतं), मग भट्ट्या कोळशावर गेल्या, जास्त तापल्या आणि बाटल्या दणकट निघायला लागल्या. ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या डॉक्टरने डिसेंबर १६६२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला, त्यात इथले वाईनवाले वाईन चुरचुरीत करायला साखर आणि मळी घालतात असं स्पष्ट लिहिलंय. शॅम्पेनचा जनक म्हणून मिरवला जाणारा साधू दोम पेरिन्यों ओव्हिलेच्या मठात आला १६६८ मध्ये, आणि त्याची खटपट बरीचशी बुडबुडे टाळण्यासाठीच चालली होती. तरी जाहिरातीत "मी तारे चाखतोय" हे वाक्य त्याच्याच तोंडी घालतात, असो.

यीस्ट ईसी-१११८, यात काही नवल नाही, सगळे तेच वापरतात. पण ते कोरडं पुडकं डायरेक्ट वाईनमध्ये टाकू नका, १० टक्के अल्कोहोल, पीएच ३ आणि वर थंडी, त्यात बिचारं तग धरत नाही. आधी कोमट पाण्यात फुलवायचं, मग साखरपाणी आणि थोडी वाईन, मग अजून थोडी वाईन, असं दोनतीन दिवस चढवत न्यायचं, बरोबर चिमूटभर न्यूट्रियंट (यीस्टचं खाद्य), आणि तोंडावर फेस धरला की मगच मोठ्या भांड्यात. बेंटोनाइटही (एक प्रकारची माती) थोडंसं घातलं, त्याने गाळ पुढे चिकटत नाही, नीट घसरतो. भरताना मात्र सतत ढवळत राहा, नाहीतर यीस्ट तळाला बसतं आणि काही बाटल्या मुक्या राहतात, काहींत नुसता गाळ. आणि एक स्वस्तातली युक्ती: त्याच वाईनने कोल्ड्रिंकची एक प्लॅस्टिकची बाटली भरून बाकीच्यांशेजारी ठेवा. ती दाबून बघितली की आत काय चाललंय ते कळतं, दाब मोजायचं महागडं मीटर घ्यायला नको. माझी काही आठवड्यांत दगडासारखी टणक झाली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग जिन्याखालच्या कपाटात आडव्या, १२ ते १४ डिग्रीला. इथे करण्यासारखं काही नाही. शॅम्पेनमध्ये नियमच आहे की साधी नॉन-व्हिंटेज (वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळलेली) निदान १५ महिने तळघरात, त्यातले १२ साक्यावर, आणि व्हिंटेज (एकाच वर्षाच्या द्राक्षांची) तीन वर्षं. मेलेलं यीस्ट हळूहळू विरघळतं आणि त्यातून ब्रेडचा, भाजलेल्या बिस्किटाचा वास आणि तोंडात तो मऊपणा येतो. माझा हा अर्धा लॉट वर्षाहून थोडा जास्त राहिलाय, ब्रेडचा वास आहे पण लाजत लाजत. दुसरा अर्धा अजून पडू दे, मला एकाच वाईनचा फरक शेजारी शेजारी ठेवून चाखायचाय, पुस्तकात वाचून ते कळत नाही.

रिडलिंगसाठी (गाळ हळूहळू बाटलीच्या मानेशी आणायला) प्लायवूडला भोकं पाडून ए-आकाराचा पुपित्र, म्हणजे बाटल्या खोवायचा स्टँड केलाय, दिसायला गावठी, कामाला चोख. बाटली मान खाली करून तिरकी खोवायची, रोज एक झटका आणि आठवा हिस्सा फिरवायची, दर चार-पाच दिवसांनी थोडी अजून उभी करायची. बाटलीच्या बुडाला खडूची एक रेघ मारून ठेवा म्हणजे कुठवर आलो ते कळतं. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की मजा दिसते: जाड कण पहिल्याच आठवड्यात घरंगळत मानेशी येतात, पण मागे एक धुरासारखा पातळ पापुद्रा काचेला धरून राहतो आणि तो हटवादी. तो जिभेसारखा टोक काढून रोज बोटाच्या पेराएवढा खाली सरकतो, एखाद्या दिवशी तर अजिबात नाही, आणि मग तुम्ही वैतागून जोरात हलवली की सगळा वर उडाला, पुन्हा श्रीगणेशा. हलका हात. मोठ्या कंपन्यांत हेच काम जायरोपॅलेट मशीन आठवड्याभरात उरकतं, हाताने महिना-दीड महिना धरून चाला.

डिसगॉर्जिंगचा (मानेतला गाळ उडवून काढायचा) दिवस म्हणजे घरात सगळ्यांनी लांब राहायचा दिवस. चष्मा, जाड हातमोजे, हे विनोदाचं नाही. बाटल्या आदल्या दिवसापासून उलट्याच फ्रिजमध्ये, जितक्या गार तितका गॅस कमी उडतो. मग बादलीत तीन भाग बर्फ, एक भाग जाडं मीठ, त्यात फक्त मान बुडवून उलट्या उभ्या, वीस-पंचवीस मिनिटं. टोपणाखाली मी बिद्युल लावलं होतं, म्हणजे प्लॅस्टिकची चिमुकली वाटी, गाळ तिच्यातच जमतो आणि तिथेच गोठतो. बाटली काढायची, सुलटी करताना मानेतली राखाडी गुठळी जागची हलत नाहीये ना ते बघायचं, तिरकी धरायची, तोंड दुसऱ्या बादलीकडे, आणि ओपनर. फट्ट! टोपण, वाटी आणि गोठलेला गाळ एका दमात बाहेर, लगेच अंगठा तोंडावर. मागे उरलेली वाईन काचेसारखी नितळ दिसली तेव्हा मी एकटाच गॅरेजमध्ये मोठ्याने "वाह" म्हणालो.

डोसाजवर मात्र माझं मत बदललंय. मी शून्य साखरवाल्या पंथातला, ब्रूट नेचर म्हणजे खरी वाईन वगैरे. म्हणून आधी एक बाटली फोडून चाचणी घेतली, लिटरला ०, ४, ८ आणि १२ ग्रॅम, ग्लासांना नंबर, आणि कुठल्यात काय ते न सांगता घरच्यांना आणि शेजाऱ्यांना दिले. शून्यवाला सगळ्यांनी बाजूला सारला, मीसुद्धा. सेवालचा आंबटपणा सुरीसारखा लागत होता, १२ वर गोडी जाणवायला लागली, ८ वर मात्र साखर कळतच नव्हती, फक्त फळाचा वास पुढे आला. १२ ग्रॅमच्या आतलं सगळं ब्रूटमध्येच (कोरड्या स्पार्कलिंगच्या वर्गात) मोडतं, तेव्हा ८ वाल्यालाही लेबलवर ब्रूट लिहायला काही हरकत नाही. हिशोब असा: बेस वाईनमध्ये लिटरला ५०० ग्रॅम साखरेचा पाक (थोडं सल्फाइट घालून), त्यातला १२ मिली एका बाटलीला. सिरिंजने, काचेच्या कडेने, एकदम हळू, नाहीतर फेस वर येतो. कमी पडलेली वाईन दुसऱ्या बाटलीतून भरायची, त्या लॉटमधली एकदोन बळी जातातच. नंतर प्लॅस्टिकचं बूच रबरी हातोड्याने ठोकलं आणि वर तार, तिचे सहा अर्धे पीळ.

लगेच पिऊ नका. गाळ काढल्यावर वाईन काही काळ विस्कटलेली असते, साखर वेगळी, ॲसिड वेगळं असं लागतं, दोनतीन महिन्यांत जुळून येतं.

प्यायच्या बाबतीत दोन गोष्टी. एक, ८ ते १० डिग्री पुरे, फ्रीजरमधून काढलेली बर्फगार वाईन म्हणजे नुसता सोडा, आणि ग्लास ट्युलिपसारखा, पोटात रुंद. ते उंच सडपातळ फ्लूट फोटोसाठी चांगले, नाकाला जागा नाही. दोन, ग्लासात बुडबुडे दिसले नाहीत म्हणून वाईनला शिव्या घालू नका. बुडबुडा उगवतो तो काचेवर चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या सूक्ष्म तंतूंवर, रॅंसच्या विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेरने याचा आयुष्यभर अभ्यास केलाय. एकदम चकाचक, तंतूविरहित ग्लासात वाईन मुकाट बसून राहते, जिभेवर मात्र गॅस तेवढाच असतो. त्यामुळे ग्लास साबण न लावता गरम पाण्याने धुवून सुती पंच्याने पुसा, झालं.

आणि खायला तळण! चकली, अळूवडी, साबुदाणा वडा, हे ब्रूटबरोबर जे जमतं ते कुठल्याच चीजबरोबर नाही, मीठ आणि तेल तोंडातून धुवून निघतं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा. ठेचा किंवा झणझणीत मिसळ नको, बुडबुड्यांनी तिखट अजून पेटतं. श्रीखंडाबरोबर तर ब्रूट अजिबातच नको, गोडापुढे ती लिंबूपाण्यासारखी आंबट लागते, त्याला डेमी-सेक हवी, लिटरला ३२ ते ५० ग्रॅमवाली.

पुढचा बेत रोझेचा, म्हणजे गुलाबी स्पार्कलिंगचा. शॅम्पेनमध्ये पांढऱ्या वाईनमध्ये थोडी लाल मिसळून रोझे करायची मुभा आहे, तर मी रोंदो या द्राक्षाची लाल वाईन ८ टक्क्यांच्या आसपास मिसळून बघणार आहे, रोंदो इथे व्यवस्थित पिकते. दुसऱ्या आंबवणीत आणि साक्यावर रंग उतरतो हे माहितीये, म्हणून हवा त्याहून थोडा गडद धरावा लागेल, किती गडद ते ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, शक्यतो मिसळतानाचा आणि गाळ काढल्यानंतरचा असे दोन्ही फोटो टाका.