तीस पाउंडांचा आलाप

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम घराघरात पोचलाय, त्याच्या कव्हरवरचा, टीशर्टवरचा तो त्रिकोणी लोलक तर गाणी न ऐकलेल्या पोरांच्याही अंगावर दिसतो, पण त्यातल्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये जी बाई जीव तोडून गाते तिचं नाव विचारलं की भलेभले फॅन गप्प. क्लेअर टोरी. लंडनची, तेव्हा वय 25, स्वतः गाणी लिहायची आणि पोटापाण्यासाठी सेशन घ्यायची, म्हणजे ठरलेल्या पैशांत स्टुडिओत गायची, दुसऱ्यांची हिट गाणी स्वस्तात पुन्हा गाऊन काढलेली कव्हर्स वगैरे. बोलावतील तिथे जायचं, सांगतील ते गायचं, पैसे घेऊन घरी यायचं.

जानेवारी 1973. अल्बम जवळपास झालेला, फक्त बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याच्या एका पियानोच्या तुकड्यावर काय टाकायचं ते ठरत नव्हतं. आधी बायबलचं वाचन लावून पाहिलं, अंतराळवीरांचं बोलणं लावून पाहिलं, जमेना. रेकॉर्डिंग इंजिनियर अॅलन पार्सन्सने हिचं काम ऐकलेलं होतं, त्याने नाव सुचवलं. फोन गेला तर बाई म्हणे आत्ता नाही जमणार, अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या शोची तिकिटं आहेत! (मला हे फार आवडतं, पिंक फ्लॉइडचं तिला काही विशेष नव्हतंच.) मग रविवार ठरला, अॅबी रोड स्टुडिओ, रविवार म्हणून डबल रेट, 30 पाउंड.

तिथे गेल्यावर सांगितलं काय, तर शब्द नाहीत, चाल नाही, विषय मृत्यू, गा. तिने आधी नेहमीचं 'ओ बेबी, येह येह' करून बघितलं, ते म्हणाले हे नको. मग तिने मनाशी ठरवलं की आपण गायिका नाहीच, आपण एक वाद्य आहोत, आणि सुटली. दोन टेक झाले, तिसरा तिने स्वतःच मध्ये थांबवला कारण आता आपण तेच तेच करतोय असं तिला वाटलं. या टेक्समधले तुकडे जोडून आपण ऐकतो ते गाणं झालं. परत ऐकाल तेव्हा नीट लक्ष द्या, मरणाची भीती नाही म्हणणारा तो पुरुषाचा आवाज आहे ना (तो अॅबी रोडचा दरवान होता), त्यानंतर ड्रम्स पडतात आणि ही थेट वरच्या पट्टीतच शिरते, तयारी नाही काही नाही, आणि मग अर्ध्यावर सगळं ओसरतं आणि ती कण्हल्यासारखी, जवळजवळ स्वतःशीच गायला लागते. तो उतार तिला कुणी लिहून दिला नव्हता.

गाऊन झाल्यावर बँडवाले फारसं काही बोललेच नाहीत, त्यामुळे हे काही वापरणार नाहीत असं समजून ती निघून गेली. मार्चमध्ये अल्बम आला, आणि रेकॉर्डच्या दुकानात कव्हरवर स्वतःचं नाव दिसलं तेव्हा तिला कळलं. नाव होतं, पण गायिका म्हणून. संगीतकार एकटा राइट.

माझं भांडण इथे आहे. आपल्याकडे बंदिश गुरूची असो की दोनशे वर्षांपूर्वीची, आलाप गाणाऱ्याचाच, तो पेटीवाल्याने रचला असं कुणी म्हणणार नाही. राइटच्या कॉर्ड्स (पियानोवर एकत्र वाजणारे सूर) सुंदरच आहेत, त्या नसत्या तर ती तिथवर पोचली नसती हेही खरं, पण वरची सगळी चाल त्या खोलीत, त्या क्षणी तिने केली, आणि तिकडच्या हिशोबात ती झाली मजुरी. सेशनचे पैसे दिले, विषय संपला. अल्बम चारेक कोटींच्या वर खपला तरी.

ती पुढे काम करतच राहिली, बीबीसीच्या 'बटरफ्लाइज' मालिकेचं शीर्षकगीत तिच्या आवाजात, कल्चर क्लब बँडच्या 'द वॉर साँग'मध्ये मागचा दणदणीत आवाज तिचा, 1990 मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला पिंक फ्लॉइडबरोबर स्टेजवर हेच गाणंही गायली. आणि मग 2004 मध्ये सरळ कोर्टात गेली, बँड आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी ईएमआय, दोघांवर केस. 31 वर्षांनी! 2005 मध्ये कोर्टाबाहेर मिटलं, तेव्हापासूनच्या आवृत्त्यांवर राइटच्या जोडीला तिचंही नाव रचनाकार म्हणून येतं. रक्कम किती ते गुलदस्त्यातच ठेवलं दोन्हीकडच्यांनी. तीस पाउंडांपेक्षा बरी असावी.