रॉटनेस्ट: क्वोक्का बघून झाला असेल तर जरा दगडही बघा

पर्थला राहायला आल्यापासून तीनदा समोरच्या रॉटनेस्ट बेटावर गेलो, तिन्ही वेळा क्वोक्काबरोबर (कांगारूच्या जातीचा छोटा प्राणी) सेल्फी, पोहणं आणि परत. या वेळी फक्त दगड बघायला गेलो. बायको म्हणाली दगडांसाठी एवढं फेरीबोटीचं तिकीट? नंतर तीच उकिडवी बसून भोकं मोजत होती.

बेट जवळजवळ सगळं टमाला लाइमस्टोनचं. म्हणजे मुळात शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू, वाऱ्याने तिचे ढीग घातले, पावसाच्या पाण्यात चुना विरघळला आणि तोच परत कणांच्या मधे जमून टेकड्या जागच्या जागी दगड झाल्या. मुंबईतल्या जुन्या इमारतींचा पोरबंदरी दगड याच्याच भावकीतला.

कड्यात तिरपे पापुद्रे दिसतात ते वाऱ्याचं काम, पण मधे तपकिरी पट्टा दिसला की थांबायचं, ती जुनी माती, वाळू सरकायची थांबली आणि झाडं उगवली तेव्हाची. तिथे पडलेल्या एका दगडात मला जायफळाएवढे लांबट गोळे दिसले, एका टोकाला भोक. मला वाटलं कुठल्यातरी बियाच. पण हे लेप्टोपियस नावाच्या सोंडकिड्याचं घर, तांदळात होतात त्या सोंड्यांचा हा बराच मोठा चुलतभाऊ! अळी मातीत मुळं खात वाढते, कोषात जायच्या आधी कुंभारीण माशीसारखी स्वतःभोवती मातीची खोली करते, मग भुंगा भोक पाडून निघून जातो आणि खोली तिथेच राहते, चुना मुरून दगड होते. त्यामुळे आत भुंगा सापडेल म्हणून डोकावू नका, भोक आहे म्हणजे भाडेकरू गेलेला.

दगडात नळ्याही दिसतात, त्यांच्या बाबतीत मात्र फसायला होतं. फाटे फुटत बारीक होत जाणारी नळी बहुतेक मुळाचा साचा असतो, किड्याचं बीळ साधारण एकाच जाडीचं.

आता कामाचं. खाजगी गाडी नेता येत नाही, सायकल घ्या, पण घेतानाच टायर दाबून बघा, माझा पंक्चर निघाला आणि भर उन्हात ढकलत आणावी लागली. उन्हाळ्यात सकाळी पूर्वेचा वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून ‘फ्रीमँटल डॉक्टर’ नावाचा वारा येतो, म्हणून सकाळी पश्चिमेकडे जा आणि दुपारी परत या, दोन्हीकडे वारा पाठीशी. सकाळच्या तिरप्या उन्हात भोकं उठूनही दिसतात. फोटोत आकार कळायला शेजारी नाणं ठेवा. पाणी सेटलमेंटमधूनच, म्हणजे बोट लागते त्या वस्तीतूनच, भरून घ्या. सॅल्मन बेला फेअरब्रिज ब्लफवर जुन्या प्रवाळाचा थर आहे, सुमारे 1 लाख 25 हजार वर्षांचा, तोही बघून घ्या.

गोळे उचलून आणू नका, ते राखीव बेट आहे. आणि कड्याच्या पोटाखाली सावलीला बसायचं नाही म्हणजे नाही. 27 सप्टेंबर 1996 ला मुख्य भूमीवर दक्षिणेकडे ग्रेसटाउनला असाच चुनखडीचा कडा कोसळून 9 जण गेले होते.

पुढच्या वेळी मुख्य भूमीवरचं केप पेरॉन, तिथे निदान गाडीने जाता येतं.