क्रूझवरच्या महागड्या रेस्टॉरंटात टीप किती द्यायची?

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की न्यू जर्सीतली बरीच मराठी कुटुंबं बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून बर्म्युडाची क्रूझ करतात. बंदर घरापासून तासाभरावर. एकदा बॅगा खोलीत लावल्या की परत येईपर्यंत उचलायच्या नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी याहून सोयीचा प्रवास मला माहीत नाही. या प्रवासात एक संध्याकाळ बहुतेक जण वेगळे पैसे भरून जहाजावरच्या उंची रेस्टॉरंटात जातात, स्टेकहाउस किंवा इटालियन. जेवण छान होतं, वेटर काळ्या पाकिटात पावती आणून ठेवतो, आणि टेबलावर मराठीत कुजबुज सुरू होते: आता याला किती द्यायचे?

माझं उत्तर आधीच सांगते. बहुतेक वेळा टीप तुम्ही देऊन झालेली असते. वर काही दिलंच पाहिजे असं नाही. द्यावंसं वाटलं तर जोडप्यामागे पाच-दहा डॉलर रोख पुष्कळ झाले. मात्र खोलीच्या खात्यावर रोज लागणारी टीप काउंटरवर जाऊन काढून टाकू नका. हे मी कळकळीने सांगते आहे, कारण ते करणारी आपली माणसं मी पाहिली आहेत.

जहाजावर टीपचे दोन वेगळे हिशेब चालतात. पहिला रोजचा. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या जहाजांवर साध्या खोलीसाठी माणशी दिवसाला 18.50 डॉलर, नॉर्वेजियन या दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर 20. लहान मुलांचीही मोजणी होते. चौघांचं कुटुंब पाच रात्रींसाठी गेलं तर 18.50 च्या दराने हे 370 डॉलर होतात, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. आकडा बघून पोटात गोळा येतो हे मान्य. पण यातून खोली आवरणारा, मुख्य डायनिंग रूममधले वेटर आणि त्यांचे मदतनीस, शिवाय पडद्यामागे राबणारे कितीतरी जण, अशा सगळ्यांचा वाटा निघतो.

दुसरा हिशेब पैसे भरून घ्यायच्या गोष्टींचा: दारू, स्पा आणि हे उंची रेस्टॉरंट. इथे रॉयल कॅरिबियन 18 टक्के लावते, नॉर्वेजियन 20. समजा रेस्टॉरंटचे माणशी 70 डॉलर आहेत आणि तुम्ही चौघं आहात. 280 वर 18 टक्के म्हणजे 50 डॉलर 40 सेंट टीप बुकिंग करतानाच कापली जाते. घरी बसून अॅपवर आगाऊ बुकिंग केलं असेल तर हे पैसे गेल्याचं लक्षातही राहत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

त्या संध्याकाळी पाकिटातली पावती नीट वाचा. जेवण आधीच भरलेलं असेल तर रकमेच्या जागी शून्य दिसतं. वाइन घेतली असेल तर तिची किंमत आणि तिच्यावरचे 18 टक्के छापलेले असतात. त्याखाली ‘अॅडिशनल ग्रॅच्युइटी’ अशी एक रिकामी ओळ, मग एकूण रकमेची ओळ, मग सही आणि खोलीचा नंबर. ती रिकामी ओळ जास्तीची आहे. तिच्यावर आडवी रेघ मारून सही केली तर कुणाचा अपमान होत नाही. अमेरिकेत जमिनीवरच्या हॉटेलात अशी ओळ रिकामी सोडणं गैर आहे, कारण तिथे वेटरचं पोटच टीपवर चालतं. टीप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर अडकलेलं आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, पण टीपशिवाय निभाव कुठेच नाही. इथे राहून 20 टक्क्यांची सवय हाताला लागते, आणि मग जहाजावर दोनदा टीप दिली जाते. त्याची गरज नाही.

आता ती रोजची टीप काढून टाकण्याबद्दल. भारतातून आलेल्या मंडळींच्या मनात सर्व्हिस चार्जचा राग असतो आणि तो रास्त आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावू नये, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यामुळे जहाजावर तशीच ओळ दिसली की पुण्या-मुंबईचा जाणकार ग्राहक उठून गेस्ट सर्व्हिसेसच्या रांगेत उभा राहतो. टीप आगाऊ भरलेली नसेल तर ती कमी करून किंवा काढूनही मिळते. पण ही दोन प्रकरणं एक नाहीत.

ही जहाजं सुटतात अमेरिकेतून, पण नोंदलेली असतात बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टात. अमेरिकेचा किमान वेतन कायदा तिथे सहसा चालत नाही. आधार असतो तो 2006 च्या सागरी श्रम कराराचा, म्हणजे जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीत कुशल खलाशाचं किमान मूळ वेतन 2025 मध्ये महिन्याला 673 डॉलर होतं. वेटर त्या व्याख्येत बसत नाही, पण जहाजावरच्या मूळ पगारांचा अंदाज त्यावरून येतो. त्याच करारात विश्रांतीचे तासही आहेत: दिवसात किमान 10, आठवड्यात किमान 77. म्हणजे उरलेल्या वेळात किती काम करून घेता येतं ते तुम्हीच मोजा. नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात साप्ताहिक सुट्टी नाही. कंपनीने पगार वाढवून तिकिटाच्या किमतीत घालावा, हे माझं ठाम मत आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये तसं करून दाखवलं. पण इथे ते होत नाही तोवर आपण रोजची टीप काढून टाकली तर कंपनीचं काही जात नाही. जातं ते खोली आवरणाऱ्याच्या खिशातून.

आणि हा माणूस कितीदा तरी आपलाच असतो. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. ‘इंडिया’ दिसलं की विचारा कुठले म्हणून. गोवा हे उत्तर फार वेळा येतं. गोव्यात तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. जहाज मिळेपर्यंत ही माणसं मुंबईत धोबीतलावच्या कुडींमध्ये, म्हणजे गावागावाच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, राहायची. आमच्या टेबलावर एकदा सिंधुदुर्गातला मुलगा होता. माझ्या सासूबाईंनी ‘काय रे, जेवलास का?’ विचारलं तर तो पाण्याचा जग हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला. म्हणाला, ‘आमचं जेवण अकरानंतर, काकू.’ तेव्हा साडेसात वाजले होते.

जास्तीची टीप खरी कुठे शोभते, तेही सांगते. उंची रेस्टॉरंटपेक्षा मुख्य डायनिंग रूमच्या हेड वेटरला ती द्या. आपल्या घरातल्या शाकाहारी मंडळींसाठी आदल्या रात्री त्याला सांगितलं की दुसऱ्या दिवशी मेनूत नसलेली डाळ, पनीरची भाजी, भात, कधी पापडसुद्धा टेबलावर येतो. जैन जेवणाचंही सांभाळतात. स्टेकहाउसमध्ये भाजलेला मक्याचा दाणा आणि बटाटा खाऊन उठणाऱ्या आजोबांना या डाळीचं काय वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पाच-सात रात्री असं जेवू घालणाऱ्याला शेवटच्या रात्री 20 ते 40 डॉलर दिले तर ते सार्थकी लागतात. पाकिटात घाला, दोन ओळी लिहा, हातात द्या. यासाठी घरूनच पाच, दहा, वीसच्या नोटा न्याव्यात, कारण जहाजावर सगळा व्यवहार कार्डावर चालतो.

रीजंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी, सीबोर्न अशा अतिमहाग जहाजांवर टीप तिकिटातच धरलेली असते, तिथे हा हिशेब करायला नको. कुठल्या जहाजाचं काय, ते बुकिंगच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. आई-बाबांना निघण्याआधीच समजावून सांगा, म्हणजे टेबलावर चर्चा नको.

प्रवास संपल्यावर ईमेलने सर्वेक्षणाचा फॉर्म येतो. तो टाळू नका. वेटरचं नाव आणि रेस्टॉरंट लिहून त्याने काय केलं ते एका वाक्यात सांगा. नावानिशी आलेलं कौतुक वरिष्ठांपर्यंत पोहोचतं. म्हणून बिल्ल्यावरचं नाव आणि त्याचं स्पेलिंग जेवतानाच फोनमध्ये टिपून ठेवा.