तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना समुद्रात कशाला उतरायचं?

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर ५ दिवसांनी नवी येतात. मग प्रवाळ नि समुद्री गवताचा नकाशा करायला बोटीचा खर्च कशाला, असं तुम्ही हमखास विचारता. उपग्रहाला तळाचा रंग कळतो. तळावर काय वाढलंय ते आपल्याला ओळखावं लागतं.

शिवाय तो रंगही पाण्यातून गाळून आलेला. लाल प्रकाश पहिल्या ५-६ मीटरांतच विरतो. निळा सर्वांत खोल जातो, तरी नितळ पाण्यातही २०-२५ मीटरांपलीकडे हाती फारसं लागत नाही. म्हणून खोलवरची वाळू नि उथळातलं गवत दोन्ही काळपट दिसतात. खोलीचा परिणाम आधी वजा केला की हा घोळ कमी होतो. गवत आणि शेवाळाची गल्लत मात्र तरीही उरते.

ती सोडवायला कॅमेरा खाली सोडायचा. इथे घात होतो तो जागेच्या नोंदीत. उपग्रहचित्राचा पिक्सेल, म्हणजे एक चौकोनी ठिपका, १० मीटरचा, साध्या जीपीएसची चूक ३-५ मीटर, त्यात जीपीएस बोटीवर आणि कॅमेरा दोरीला, प्रवाहाने मागे ओढलेला. प्रवाळाचा फोटो वाळूच्या पिक्सेलला चिकटतो. म्हणून निदान ३० × ३० मीटर एकसारखा तळ असेल तिथलेच बिंदू संगणकाला तळाची ओळख शिकवायला घ्यावेत. तपासणीचे बिंदू वेगळ्या जागांवरचे हवेत, आणि त्यांत सीमेवरचेही हवेत. शेजारच्याच बिंदूंवर तपासून आलेल्या ९५ टक्के अचूकतेवर आमचा विश्वास नाही.

खोल पाण्यात मल्टिबीम सोनार, म्हणजे बोटीखालून ध्वनीचे अनेक झोत पंख्यासारखे सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र. एका फेरीत खोलीच्या साधारण ३-४ पट रुंदीचा पट्टा मिळतो, म्हणजे १० मीटर पाण्यात जेमतेम ३०-४० मीटर. उथळ भाग त्यामुळेच सर्वांत वेळखाऊ. तापमान आणि क्षारतेनुसार ध्वनीचा वेग बदलतो. या वेगाचं सकाळचं मोजमाप दुपारी वापरलं तर सपाट तळाच्या कडा वर किंवा खाली वळलेल्या दिसतात. परतलेल्या आवाजाच्या जोरावरून खडक नि चिखल बऱ्यापैकी वेगळे करता येतात, पण तळाचा नमुना वर काढल्याशिवाय नाव देऊ नये.

व्यवस्थापनासाठी नकाशासोबत खात्रीचा थरही, म्हणजे नकाशा कुठे किती भरवशाचा ते दाखवणारा थर, मागून घ्या. नांगरबंदीची हद्द कमी खात्रीच्या पट्ट्यातून जात असेल, तर तिथे आधी कॅमेरा न्या. आणि दोन वर्षांचे नकाशे वजा करून ‘१० टक्के गवत गेलं’ असं जाहीर करू नका. प्रत्येकी ८० टक्के अचूक असलेले, स्वतंत्र चुकांचे दोन नकाशे एकाच जागी बरोबर असण्याची शक्यता ६४ टक्केच. अशी घट पकडायला ठरावीक ठिकाणी, त्याच ऋतूत, पुन्हा कॅमेराच सोडावा लागतो.