‘इनसिक्युअर’ या एका शब्दापायी गेलेल्या तीन संध्याकाळी

घरात जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बावीस मिनी-डीव्ही कॅसेट पडून होत्या. भावाचं लग्न, दोन मुंजी, गावची जत्रा. कॅमेरा चालतोय तोवर त्या एकदाच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. तासाभराच्या एका कॅसेटची फाइल साधारण १३ जीबी होते, म्हणजे सगळं मिळून पावणेतीनशे जीबीच्या वर. एवढं पेनड्राइव्हवर कोण टाकणार? जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही लिनक्स सिस्टीम चढवली, २ टीबीची डिस्क जोडली. आईने टीव्हीचा रिमोट घ्यावा, फोल्डर उघडावं, बघत बसावं, एवढीच अपेक्षा. इथवर काही अडलं नाही, त्यामुळे इथवरचं काही सांगण्यासारखंही नाही.

घरच्या नेटवर्कवरून फाइली लॅपटॉपमधून टीव्हीपर्यंत पोचवायला माझ्यासमोर तीन रस्ते होते: डीएलएनए, एसएमबी आणि एनएफएस.

डीएलएनएचा निकाल पहिल्या अर्ध्या तासातच लागला. लॅपटॉपवर मिनीडीएलएनए हे सॉफ्टवेअर टाकलं, टीव्हीवर यादी आली, मी खूश. लग्नाची फाइल दाबली, तर टीव्ही म्हणाला हा फॉरमॅट चालत नाही. डीएलएनएमध्ये फाइल वाचायचं काम टीव्हीच्या स्वतःच्या प्लेयरकडे असतं, आणि माझ्या टीव्हीला डीव्ही हा जुना प्रकार ठाऊकच नाही. फाइली दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून घेता आल्या असत्या, पण मूळ प्रती मला तशाच ठेवायच्या होत्या. मग अँड्रॉइड टीव्हीवर कोडी हे प्लेयरचं अ‍ॅप टाकलं. कोडी जवळपास काहीही वाजवतं, फक्त फाइल त्याच्यापर्यंत पोचवा.

एसएमबी ही विंडोजची फोल्डर वाटून घ्यायची पद्धत. तिच्यासाठी लॅपटॉपवर सांबा हे सॉफ्टवेअर टाकलं. बायकोच्या विंडोज लॅपटॉपवर फोल्डर लगेच दिसलं. कोडीत मात्र ‘विंडोज नेटवर्क’ उघडलं की रिकामं. इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. ते रिकामं दिसतं म्हणजे सांबा बिघडलंय असं नसतं. आजूबाजूची मशीन आपोआप दिसण्याची जुनी सोय एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीसोबत यायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर त्याच आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरलं. त्यानंतर विंडोजने ती आवृत्ती नव्याने बसवणं थांबवलं आणि २०१९ मध्ये सांबानेही ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. उपाय सोपा आहे: यादीची वाट न बघता कोडीत लॅपटॉपचा आयपी पत्ता, शेअरचं नाव, युजर आणि पासवर्ड हाताने भरायचा. ‘पहिली आवृत्ती चालू करा’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पण हे मला कळलं नंतर. तेव्हा मी ऑफिसातल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, “अरे, व्हिडिओसाठी एनएफएसच. सांबा स्लो असतं.” एवढ्या एका वाक्यावर मी तीन संध्याकाळी उधळल्या.

पहिली संध्याकाळ. एनएफएस ही युनिक्स-लिनक्सची तशीच पद्धत. तिचा सर्व्हर टाकला, एक्सपोर्ट्स नावाच्या फाइलमध्ये फोल्डरची एक ओळ लिहिली. माझ्या दुसऱ्या लिनक्स लॅपटॉपवरून ते माउंट केलं, म्हणजे जोडून घेतलं, झटक्यात झालं. कोडीत गेलो, फोल्डरचं नाव दिसलं. ते दाबलं, तर परवानगी नाही. म्हणजे दारावरची पाटी वाचता येतेय आणि दार काही उघडत नाही. नावच दिसलं नसतं तर मी नेटवर्क तपासलं असतं. नाव दिसत होतं, म्हणून मी परवानग्यांच्या मागे लागलो. फोल्डरला ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. फाइलींचा मालक बदलला. सगळ्या पाहुण्यांना एकाच युजरच्या नावाने आत घेणारा ऑल-स्क्वॉश हा पर्याय लावला. काही नाही.

दुसरी संध्याकाळ. फायरवॉल बंद. राउटर बंद-चालू. कोडी काढून पुन्हा टाकलं. टीव्ही फॅक्टरी रिसेट केला, त्यात सगळ्या अ‍ॅपचे लॉगिन उडाले आणि आईची मालिका बुडाली. ती एवढंच म्हणाली, “राहू दे रे, कॅसेट कॅमेऱ्यातच लावून बघू.” त्याने मला जास्तच चेव आला. दुसऱ्या लॅपटॉपवर चालतंय म्हणजे दोष टीव्हीचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मी अखेर सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, उघडला. तो पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. टीव्हीवर बटण दाबायचं आणि इकडे लॉगमध्ये नवी ओळ पडते का बघायचं. पडली. टीव्हीची विनंती नाकारली, कारण ‘इल्लीगल पोर्ट’, आणि पुढे चाळीस हजारांच्या वरचा एक आकडा.

भानगड अशी. पोर्ट म्हणजे नेटवर्कवर ये-जा करायला प्रोग्रामला मिळणारं क्रमांकाचं दार. एनएफएस सन मायक्रोसिस्टम्सने १९८४ मध्ये आणलं. तेव्हा एका मशीनवर बरेच जण काम करायचे आणि युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य व्यवस्थापकाला, वापरता यायचे. त्यामुळे खालच्या पोर्टवरून आलेली विनंती म्हणजे तिथल्या व्यवस्थापकाच्या हातून आलेली, असा विश्वास. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर ती अट आजही सवयीने पाळतो. लॅपटॉपवर मी सुडो लावून माउंट करत होतो, म्हणजे रूट म्हणून, म्हणून तिथे खालचा पोर्ट मिळायचा. टीव्हीवरचं कोडी हे साधं अ‍ॅप. त्याला वरचाच पोर्ट मिळणार, आणि सर्व्हर त्याला दारातच अडवणार. फोल्डरची नावं सांगताना मात्र ही अट लागत नाही, म्हणून पाटी दिसत होती.

उपाय एका शब्दाचा: एक्सपोर्ट्सच्या त्या ओळीत ‘इनसिक्युअर’ लिहायचं आणि एक्सपोर्टएफएस कमांडने फाइल पुन्हा वाचायला लावायची. दोन मिनिटांत लग्न सुरू झालं. हा शब्द मी पहिल्याच संध्याकाळी माहितीपानावर वाचला होता आणि ‘असुरक्षित कशाला करा’ म्हणून शहाणपणाने पुढे गेलो होतो! इतकं वाईट नाव या पर्यायाला कुणी दिलं असेल त्याला माझ्याकडून साष्टांग नमस्कार. त्याचा अर्थ ‘१०२४ च्या वरचे पोर्टही चालतील’ एवढाच आहे. घरात ज्याच्या हाती स्वतःचा लॅपटॉप तो रूटच असतो, त्यामुळे मूळ अटीने तसंही कुणाला अडवलं नसतं. मात्र त्याच ओळीत फक्त घरच्या नेटवर्कचा पत्ता द्या, ‘फक्त वाचा’ हा पर्याय ठेवा आणि राउटरवरून एनएफएसचा पोर्ट बाहेर उघडू नका. आणि मी केलेलं ७७७ परत जागेवर आणा, मला ते आठवायला आठवडा लागला.

आता वेगाचं. डीव्हीची फाइल सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी मागते, म्हणजे २९ एमबीपीएस. माझ्या टीव्हीचं नेटवर्क केबलचं सॉकेट १०० एमबीपीएसचं. फाइल सांबातून येवो नाहीतर एनएफएसमधून, चित्र तेच. नंतर दोन्ही लावून बघितलं, मला तर काडीचा फरक दिसला नाही. आधी अडखळत होतं ते २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमुळे. केबल लावल्यावर थांबलं. हे ऑफिसातल्या त्या गृहस्थाला मी अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे सांबाने भागलं असतं. बायकोच्या लॅपटॉपसाठी ते तसंही चालू ठेवावं लागलंच, विंडोजच्या होम आवृत्तीत एनएफएसचा क्लायंट येत नाही. नव्याने करणाऱ्याला मी सांबाच सांगेन. माझ्या टीव्हीवर मात्र एनएफएसच आहे. एवढ्या खटपटीने चालू केलेलं मी काढणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एकदा लाइट जाऊन आली आणि लॅपटॉपचा आयपी बदलला, कोडीतलं सगळं गायब. राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवा. दुसरं, लॅपटॉपचं झाकण मिटलं की उबंटू झोपी जातं. मी झाकण मिटून ऑफिसला गेलो आणि दुपारी आईचा फोन आला, “मंगलाष्टकं चालू होती रे, तेवढ्यात बंद पडलं.” ते झाकणाचं सेटिंग आधी बदलून घ्या.