बडोद्याहून ताजमहाल हॉटेल: सीताराम वैद्यांची वास्तू पाहायला

अपोलो बंदरावरचं ताज बघायला बडोद्याहून रात्रीचीच गाडी धरा. हॉटेलचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. सकाळी साधारण दहापर्यंत ऊन समोरून पडतं आणि सज्जे, कमानी, कोपऱ्यातले छोटे घुमट एकेक करून वेगळे दिसतात. दुपारनंतर सूर्य मोठ्या घुमटामागे जातो, मग फोटोत नुसती काळी आकृती येते. दिवसाच्या गाडीने जाणाऱ्यांचं नेमकं हेच हुकतं.

मुंबई सेंट्रलला उतरून सामान क्लोक रूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटं कुलूप घरूनच न्या आणि तिकीट हाताशी ठेवा. पुढे लोकलने चर्चगेट. तिथून ओव्हल मैदान, काळा घोडा, रीगल सिनेमा असं सुमारे दोन किलोमीटर चालायचं. टॅक्सी करू नका, कारण वाटेत वॉटसन हॉटेलचा जुना लोखंडी सांगाडा लागतो. 1896 मध्ये मार्क ट्वेन तिथे उतरला होता आणि त्याच वर्षी 7 जुलैला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली गेली. ताज येईपर्यंत मुंबईतलं मोठं हॉटेल ते हेच.

आता ताज. ‘आर्किटेक्टने पाहिलं तर इमारत उलटी बांधलेली, म्हणून त्याने जीव दिला’ ही गोष्ट गेटवेवर कोणीही सांगेल. बडोदेकरांना ती ओळखीची वाटेल. लक्ष्मी विलास राजवाड्याचा आर्किटेक्ट चार्ल्स मँट याच्याबद्दल आपण तसंच ऐकत मोठे झालो. मँट 1881 मध्ये गेला आणि राजवाडा रॉबर्ट चिझमने 1890 मध्ये पुरा केला, एवढं खरं. ताजची गोष्ट मात्र साफ खोटी आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच 1900 मध्ये वैद्य मलेरियाने गेले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने केलं आणि 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, कारण घोडागाड्या तिकडून येत. नंतर प्रवेश समुद्राकडे आला आणि जुन्या प्रवेशाच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. गेटवे तर तेव्हा नव्हताच, तो 1924 चा. मराठी माणसाने उभ्या केलेल्या या वास्तूपुढे त्याचं नाव न घेता खोटी गोष्ट सांगितली जाते, याचं वाईट वाटतं. सोबत मुलं असतील तर त्यांना खरं नाव सांगा.

आत जाताना बॅग मशीनमधून जाते, म्हणून हातात कमीच सामान ठेवा. राहत नसाल तरी पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहा घेता येतो. खिडकीजवळचं टेबल हवं तर आधी फोन करा, ऐनवेळी मिळत नाही. तिथल्या एका चहाच्या पैशांत बडोद्यात चौघांचं जेवण होतं, हे धरून चला. वेळ जाऊ द्यायचा तो जुन्या इमारतीतल्या मधल्या जिन्यावर. खाली उभं राहून मान वर करा: मजल्यामागून मजला कठडे फिरत जातात आणि सगळ्यात वर घुमट. सरोजिनी नायडूंनी या हॉटेलात वर्षानुवर्षं मुक्काम केला. पहिल्या महायुद्धात इथेच 600 खाटांचं इस्पितळ होतं. हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता यांची चित्रं हॉटेलच्या संग्रहात आहेत, पण सगळी काही पाहुण्यांच्या वाटेवर नाहीत. दिसेल ते निवांत बघा, खोल्यांच्या मजल्यांवर शिरू नका. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातल्या मृतांचं स्मारक लॉबीत आहे, तिथे फोटोची घाई नको. जुना भाग दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडला.

परतताना जहांगीर आर्ट गॅलरी. ती अकराला उघडते आणि प्रवेश फुकट असतो. शेजारचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आणि घारापुरीची लेणी, दोन्ही सोमवारी बंद, म्हणून रविवारी रात्री बडोद्याहून निघू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की घारापुरीच्या लाँचही थांबतात.