पान सोडलं, फळ राखलं

पहाटे साडेचारला आजींनी दार वाजवलं. "चला बाई, मोह पडून राह्यला."

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं ते लहानसं गाव अजून अंधारात होतं. एप्रिलचा महिना, दुपारी अंगाची लाही करणारं ऊन, पण या वेळी हवेत चक्क गारवा. गावाबाहेर आलो आणि मोहाचं झाड दिसायच्या आधी वास आला. गोड, जड, किंचित आंबूस. मग झाडाखाली टॉर्च मारला, तर जमिनीवर फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा. आणखी पडतच होती, टप टप, थांबून थांबून.

आजींनी आदल्या संध्याकाळीच झाडाखालचा पाला झाडून ठेवला होता. पुष्कळ ठिकाणी हा पाला जाळून टाकतात, म्हणजे काळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात. जंगलातले उन्हाळी वणवे बऱ्याचदा अशाच छोट्या जाळांतून पसरतात. "जाळलं तर लवकर होते," आजी वेचता वेचता म्हणाल्या, "पण लहान लहान झाडं बी जळून जाते. मंग उद्याचा मोह कुठून येईन? सभेनं बंद केलं जी." मी तासाभरात कशीबशी अर्धी टोपली भरली, त्यांच्या दोन भरून झाल्या होत्या. कंबर धरून उभी राहिले तेव्हा कळलं, 'गौण वनोपज' (लाकूड सोडून जंगलातून मिळणारं बाकीचं उत्पन्न) या सरकारी शब्दात 'गौण' असं काहीच नाही.

ही फुलं अंगणात वाळवायची, थोडी घरी खायला ठेवायची, बाकीची बाजारात न्यायची. पैशाची नड असते म्हणून हंगामात स्वस्तात विकायची आणि पावसाळ्यात तीच फुलं व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं घ्यायची, हे चक्र मध्य भारतातल्या आदिवासी गावांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. त्यात मोहफुलं साठवण्यावर आणि वाहून नेण्यावर दारूबंदी कायद्याचे निर्बंध होते. राज्य सरकारनं ते 2021 मध्ये उठवले. झाड दारात, फूल अंगणात, आणि घरात ठेवायला भीती! इतकी वर्षं हे कसं सहन केलं असेल लोकांनी?

तिथून मेंढा (लेखा) जवळच. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा मी कॉलेजात असताना ऐकली होती, तेव्हापासून इथे यायचं मनात होतं. कठाणी नदीकाठचं हे गोंड गाव. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं घेतात. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकता येईना. 1927 च्या वन कायद्यानुसार तेव्हा बांबू म्हणजे झाड, आणि झाड म्हणजे इमारती लाकूड. नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणत होता, तरी माल जंगलाबाहेर न्यायला लागणारं वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती येत नव्हतं. अखेर 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. एवढ्याशा पावतीपुस्तकासाठी केवढी लढाई!

जंगलात एका दादांनी बांबूचं बेट दाखवलं. यंदाचा कोंब, गेल्या वर्षीचा बांबू, जुना बांबू हे रंगावरून आणि सालीवरून कसं ओळखायचं ते शिकवलं. नवे कोंब बेटाच्या कडेनं फुटतात, म्हणून कडेचे कोवळे राखायचे आणि आतले पिकलेले काढायचे. जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या जरा वर घाव घालायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून कुजत नाही. पावसाळ्यात कुऱ्हाड लावायची नाही. "सगळंच नेलं तं पुढच्या साली काय न्यायचं?" दादा म्हणाले. ज्याला पुढच्या वर्षीही याच बेटाशी यायचंय, तो माणूस असा तोडतो. ठेक्याच्या मजुराला ती सोयच नसते, कारण पुढच्या वर्षी त्याला कुठे पाठवतील कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी करत वैनगंगा ओलांडली आणि गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला पोचले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावाला 2012 मध्ये हजारभर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. इथलाही मुख्य आधार बांबूच. पण मी आले होते ते त्यांनी काय सोडलं ते बघायला. त्यांनी तेंदूपत्ता, म्हणजे तेंदूच्या झाडाची पानं तोडून विकणं, सोडला.

हे किती मोठं आहे ते विदर्भाबाहेरच्यांना सांगायलाच हवं. मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर घरात रोख पैसा येतो तो तेंदूचा. 70 पानांचा एक पुडा, आणि मोबदला शेकडा पुड्यांवर. अख्खं कुटुंब पहाटे जंगलात असतं आणि दुपारी पडवीत बसून पुडे बांधतं. बी-बियाणं, उधारी, मुलांच्या वह्या, सगळं त्यावर. तरी या गावानं ठरवलं, नको. कोवळी, मोठी पानं फुटावीत म्हणून झाडं छाटायची, जमीन जाळायची, आणि त्या पानाचं शेवटी काय, तर विडी. त्यापेक्षा झाड वाढू द्यावं, त्याला फळ येऊ द्यावं.

"सोडलं तेव्हा घरात वाद नाही झाला?" मी एका ताईंना विचारलं.

"झाला ना. लय झाला. बांबूचं काम हातात होतं म्हणून जमलं."

हे प्रामाणिक उत्तर मला फार मोलाचं वाटलं. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याला तेंदू सोड असं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगूही नये.

ताई मला जंगलाच्या कडेला घेऊन गेल्या. तेंदूची झाडं मी आजवर कमरेएवढी झुडपंच पाहिली होती, पुन्हा पुन्हा छाटलेली. इथे मान वर करावी लागली. फांद्यांवर पिवळसर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागली होती, आणि वर पाखरांचा नुसता कलकलाट. ताईंनी खाली पडलेलं एक उचललं, पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. चिकूसारखा मऊ गर, शेवटी जिभेवर जरासा तुरटपणा. बी थुंकायला मी वळले, तशा त्या म्हणाल्या, "इथंच टाका. इथंच उगवते."